तरंगती पवनचक्की : माल दमदार, सर्व्हिसिंग मात्र डोक्याला ताप

रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचपैकी साडेतीन. दीड स्टार कुठे गेला ते खाली येईलच.

आता काही जण म्हणतील ही काय कार्टमध्ये टाकून मागवायची वस्तू आहे का, गिऱ्हाईक म्हणजे सरकारं नाहीतर वीज कंपन्या, तुझं काय मध्येच. पण विजेचं बिल शेवटी आपल्यासारखेच भरतात ना, मग मत द्यायला काय हरकत आहे. आणि ब्रोशर वाचून लिहिलेलं भरपूर झालंय, निळंशार पाणी, पांढरी पाती, वर ऊन. मला त्यापेक्षा ज्या चक्क्या खरोखर समुद्रात वर्षानुवर्षं राहिल्या त्यांचं पुढे काय झालं यात जास्त इंटरेस्ट आहे, आणि आता तेवढा अनुभव जगात जमा झालाय.

मुळात ही भानगड कशाला हवी? तर समुद्रातली नेहमीची चक्की तळात ठोकलेल्या जाडजूड पोलादी पाईपवर उभी असते, त्याला मोनोपाईल म्हणतात, किंवा मग लोखंडी सांगाड्यावर. साधारण ५०-६० मीटर खोलीपर्यंत हे परवडतं. त्याच्या पलीकडे पायाचाच खर्च इतका वाढतो की वरची चक्की फुकट दिली तरी नको वाटेल. आणि गंमत म्हणजे चांगला वारा नेमका तिकडेच आहे, युरोपच्या बाबतीत तर समुद्री वाऱ्यातला ८० टक्के वारा ६० मीटरपेक्षा खोल पाण्यावर आहे असं सगळीकडे सांगितलं जातं. जपान, नॉर्वे, कॅलिफोर्निया, भूमध्य समुद्र, इथे किनारा सोडला की तळ धाडकन खाली जातो. म्हणून मग पाया ठोकायचाच नाही, चक्कीच तरंगत ठेवायची आणि साखळ्यांनी बांधायची. आयडिया तशी जुनी, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या विल्यम हेरोनेमस या प्रोफेसरांनी १९७२ लाच मांडलेली. पाण्यात खरी मोठी चक्की उतरायला मात्र २००९ उजाडलं, नॉर्वेच्या कार्मॉय बेटाजवळ, हायविंड नावाची, २.३ मेगावॉटची, साधारण २०० मीटर खोल पाण्यात. बनवणारी कंपनी तेलवाली, तेव्हाचं नाव स्टॅटऑइल, आता इक्विनॉर. तेलवाल्यांनीच हे आधी करावं यात आश्चर्य काही नाही, खोल समुद्रात अवजड वस्तू बांधून ठेवायचा धंदा त्यांचा आधीपासूनचाच.

मॉडेलांचं बोलू. बाजारात ढोबळ चार प्रकार दिसतात आणि प्रत्येकवाला सांगतो आमचंच बेस्ट.

पहिला स्पार. लांबच लांब उभा सिलिंडर, बहुतेक भाग पाण्याखाली, तळाशी जड भराव. लहान मुलांची ती बुडाशी वजन असलेली बाहुली असते ना, कितीही ढकला पुन्हा उभी, तसंच हे. स्कॉटलंडच्या पीटरहेडपासून २५ किलोमीटर आत हायविंड स्कॉटलंड म्हणून पाच चक्क्यांचा पार्क आहे, ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झालेला, जगातला पहिला तरंगता पार्क हाच. तिथली एकेक चक्की बुडापासून पात्याच्या टोकापर्यंत २५३ मीटर आणि त्यातले ७८ मीटर पाण्याखाली. डिझाईन एकदम साधं, बिघडण्यासारखं फार काही नाही. पण तोटा पण तोच, एवढं बूड मावायला बंदरातच प्रचंड खोल पाणी पाहिजे. नॉर्वेला फिऑर्ड, म्हणजे डोंगरांच्या मधे आत शिरलेल्या खोल खाड्या आहेत म्हणून जमलं, सिलिंडर आडवे आणले, स्टोर्डजवळ पाण्यात उभे केले, सायपेम ७००० नावाच्या अवाढव्य तरंगत्या क्रेनने वरची चक्की अख्खीच्या अख्खी उचलून ठेवली आणि मग उभ्याच उभ्या ओढत स्कॉटलंडला नेल्या. फिऑर्ड नसलेल्या देशाने हे मॉडेल बघून नुसतं हळहळायचं.

दुसरा सेमी-सबमर्सिबल, म्हणजे तीन-चार जाड खांब एकमेकांना जोडून केलेला त्रिकोणी नाहीतर तसाच काही आकार, त्यातल्या एका खांबावर किंवा मधोमध चक्की. हा उथळ बंदरात धक्क्याला लावून जोडता येतो, साध्या टगबोटीने ओढून नेता येतो, म्हणून आता बहुतेक नवीन प्रोजेक्टवाले याच्याच मागे. पोर्तुगालचा विंडफ्लोट अटलांटिक, व्हियाना दु कास्तेलोपासून २० किलोमीटरवर, ८.४ मेगावॉटच्या तीन चक्क्या, २०२० पासून चालू, हा याच जातीचा. त्यात एक गोष्ट मला भारी आवडली, वारा चक्कीला एका बाजूला ढकलून कलती करतो तेव्हा पंप एका खांबातलं पाणी दुसऱ्या खांबात सोडतात आणि सगळं परत सरळ. अर्थात पंप आला म्हणजे पंप बिघडणं पण आलं. आणि पोलाद हजारो टन लागतं, मोठ्या चक्कीला तर विचारू नका.

तिसरा टीएलपी, म्हणजे टेन्शन लेग प्लॅटफॉर्म. यात तराफा हलका, आणि तळापर्यंत सरळ ताणलेल्या दोरांनी पाण्यात खाली ओढून धरलेला. हलत जवळजवळ नाही, जागा कमी खातो, पोलाद कमी. पण दोर लावेपर्यंत हा स्वतःच्या पायावर नीट उभा राहत नाही, त्यामुळे नेताना आणि बसवताना सगळ्यांचा जीव टांगणीला. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यापासून १७ किलोमीटरवर प्रोव्हान्स ग्राँ लार्ज म्हणून तीन चक्क्या आहेत त्या याच प्रकारच्या. चौथा बार्ज, चपटा काँक्रीटचा चौकोन आणि मधोमध मोकळा हौद, हौदातलं पाणी तराफ्याच्या उलट हलून डोलणं कमी करतं. फ्रान्समध्येच ल क्रोआझिकजवळ २ मेगावॉटची फ्लोटजेन २०१८ पासून त्यावर उभी आहे. छान आहे, पण मोठ्या प्रमाणावर कुणी अजून लावलेलं नाही, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

आता जो प्रश्न सगळ्यात आधी येतो, हे उलटं होत नाही का वादळात? नाही होत. इथे पूर्ण मार्क. हायविंड स्कॉटलंड सुरू झालं त्याच महिन्यात ओफेलियाचं वादळ आलं, १२५ किलोमीटरचा वारा, मग डिसेंबरात अजून एक, १६० च्या वर झोत आणि ८ मीटरपेक्षा उंच लाटा. वारा फारच झाला की चक्की स्वतःहून थांबते, कमी झाला की परत सुरू, बस इतकंच घडलं. पोर्तुगालवाल्यांनी तर २०२३ च्या कियारान वादळात २० मीटरपर्यंतच्या लाटा सोसल्या असं कंपनीचं म्हणणं. आकडा कंपनीचा आहे हे धरून चाला, पण चक्क्या उभ्या आहेत हे तर दिसतंच.

पण वादळापेक्षा अवघड गोष्ट वेगळीच आहे आणि ती कुठल्याच ब्रोशरमध्ये नसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जमिनीवरच्या चक्कीत वाऱ्याने ठरलेला वेग ओलांडला की पाती आपल्या अक्षावर थोडी वळतात आणि जादाचा वारा सोडून देतात, त्यामुळे जनरेटर मर्यादेत राहतो आणि वारा चक्कीला मागे ढकलतो तो जोरही कमी होतो. जमिनीवर याने काही बिघडत नाही कारण खांब जागचा हलत नाही. आता हीच चक्की तरंगती करा. लाटेमुळे ती वाऱ्याच्या दिशेला पुढे झुकली की पात्यांना जास्त वारा लागतो, कंट्रोलरला वाटतं वारा वाढला, तो पाती वळवतो, मागे ढकलणारा जोर कमी होतो, म्हणजे पुढे झुकणाऱ्या चक्कीला अडवणारं जे काही होतं तेच काढून घेतलं, ती आणखी पुढे जाते. मग मागे जाताना बरोब्बर उलटं, वारा कमी लागतो, पाती परत येतात, जोर वाढतो आणि ती आणखी मागे. म्हणजे जमिनीवरचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं टाकलं तर चक्की स्वतःच स्वतःला झोके देत बसेल, तेही वाऱ्याच्या पैशाने. यावर उपाय दोन, एक तर पाती वळवायचा वेग मुद्दाम इतका मंद ठेवायचा की तराफ्याच्या डोलण्याशी त्याची गाठच पडू नये, किंवा चक्की किती झुकतीय ते सेन्सरने मोजून कंट्रोलरला वेगळं सांगायचं, बाबा रे हा वारा खरा नाही, तूच हलतोयस. पहिल्या हायविंडमध्ये वर्षानुवर्षं जे शिकले त्यातला मोठा भाग हाच. लोखंड तरंगवणं माणसाला शेकडो वर्षं येतंय हो, ही पात्यांची अक्कल नवीन आहे.

परफॉर्मन्स. इथे हायविंड स्कॉटलंडचा रेकॉर्ड खरंच भारी आहे. पहिल्या पाच वर्षांची सरासरी कॅपॅसिटी फॅक्टर ५४ टक्के, म्हणजे चक्क्या २४ तास ३६५ दिवस फुल जोरात चालल्या असत्या तर जितकी वीज झाली असती त्याच्या निम्म्याहून जास्त प्रत्यक्षात निघाली. ३० मेगावॉटचा पार्क, हिशेब केला तर वर्षाला साधारण १४ कोटी युनिट. सोलर या आकड्याच्या जवळपासही येत नाही, जमिनीवरच्या चांगल्या चक्क्यासुद्धा मागे पडतात. आता लगेच 'म्हणजे तरंगती चक्की जास्त वीज देते' असा अर्थ काढू नका, हे मशीनचं कौतुक थोडं आणि जागेचं जास्त. तिथे वाराच तसा आहे. पण मुद्दा हाच की अशा जागी जायचं तर तरंगत जाण्यावाचून इलाज नाही.

बांधून ठेवण्याचं काम बघायचं असेल तर तेही मस्त आहे. हायविंडला प्रत्येकी तीन साखळ्या, आणि साखळ्यांच्या टोकाला जो नांगर आहे तो आपल्या डोळ्यासमोर येतो तसला आकड्यांचा नाही. पोलादाचा उपडा डबा, १६ मीटर उंच, ५ मीटर रुंद, खालून उघडा. तो तळावर सोडतात, स्वतःच्या वजनाने थोडा चिखलात जातो, मग वरून पंप लावून आतलं पाणी उपसायला लागतात, आतला दाब कमी झाला की बाहेरच्या समुद्राचं पाणीच त्याला दाबून खाली बसवतं. ना हातोडा ना ठोकाठोकी, आवाज जवळजवळ नाही. मोनोपाईल ठोकताना पाण्याखाली जो धडाका होतो त्याने देवमासे आणि डॉल्फिन यांना त्रास होतो आणि आवाज दाबायला बुडबुड्यांचे पडदे वगैरे लावावे लागतात, ती कटकटच इथे नाही. काढताना उलटं करायचं, पाणी आत भरायचं, डबा वर. साखळीचं पण तसंच, ती ताठ नसते, तिचा मोठा भाग तळावर नुसता पडलेला असतो, चक्की वाऱ्याने सरकली की तळावरची साखळी कडीकडीने उचलली जाते आणि तिचं वजनच चक्कीला परत ओढतं. स्प्रिंग नाही, मोटर नाही, नुसतं वजन. नॉर्वेतल्या हायविंड टाम्पेनमध्ये पुढची हुशारी केली, ११ चक्क्यांना प्रत्येकी तीन म्हणजे ३३ नांगर लागले असते, त्यांनी शेजारच्या चक्क्यांमध्ये नांगर वाटून घेतले आणि १९ मध्ये भागवलं.

केबलचा भाग मात्र मला अजून धाकधूक लावतो. तळातून येणारी केबल सरळ वर आणली तर तराफा हलला की तुटेल, म्हणून मधेच तिला फुगे बांधून पाण्यातच एक कुबड काढतात, तराफा सरकला की ते कुबड सरळ-वाकडं होतं आणि ताण वर पोचत नाही. कल्पना छान, पण केबल दिवसरात्र वाकतेय, वीस-पंचवीस वर्षं वाकत राहणार, वर शिंपले, शेवाळ चढून ती जड होत जाणार. ६६ हजार व्होल्टच्या केबलींचा अनुभव आहे. त्याहून मोठ्या व्होल्टेजला, म्हणजे शेकडो मेगावॉटच्या पार्कची सगळी वीज तरंगत्या सबस्टेशनमधून किनाऱ्याला पाठवणारी हलती केबल, त्याचा अनुभव फार थोडा. खोल पाण्यातल्या मोठ्या पार्कांना नेमकी तीच लागणार. अर्धा स्टार इथे गेला.

आता या रिव्ह्यूचा खरा मुद्दा. सर्व्हिसिंग.

छोटी कामं काही प्रॉब्लेम नाही, बोटीने जायचं, शिडीने चढायचं, ऑइल, फिल्टर, सेन्सर, बोल्ट, आणि लाटा मोठ्या असतील तर उद्या या. भानगड होते मोठा पार्ट गेला की. जनरेटर, गिअरबॉक्स, मेन बेअरिंग (पात्यांचा मुख्य दांडा ज्यावर फिरतो ते), पातं, हे काही टन-दोन टनांचे पार्ट नाहीत आणि ते शंभर-दीडशे मीटर उंचीवर असतात. उथळ पाण्यातल्या चक्कीला काय करतात, जॅकअप जहाज येतं, तळावर पाय रोवून पाण्याच्या वर उठतं, क्रेन स्थिर, चक्की स्थिर, पार्ट बदलला, चालले. खोल पाण्यात जहाजाचे पाय तळाला पोचतच नाहीत. मग तरंगत्या जहाजावरची क्रेन आणि तरंगती चक्की, दोन्ही आपापल्या तालात डोलतायत, आणि त्यात हुकाला लटकलेला काही टनांचा पार्ट बोल्टच्या भोकांसमोर मिलिमीटरमध्ये आणायचाय. कोण हात लावणार? म्हणून आतापर्यंत उत्तर एकच होतं, सगळी चक्कीच सोडवा आणि ओढत बंदरात आणा.

आणि हे नुसतं थिअरीत नाही, घडलंय. स्कॉटलंडमध्येच अॅबरडीनजवळ किनकार्डिन म्हणून पार्क आहे, ९.५ मेगावॉटच्या पाच चक्क्या आणि एक जुनी छोटी २ मेगावॉटची, सगळं २०२१ ला पूर्ण झालं. पुढच्याच वर्षी एका मोठ्या चक्कीला मोठं दुरुस्तीकाम निघालं, तर ती सोडवून उत्तर समुद्र ओलांडून थेट नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला न्यावी लागली. का तर तेवढी क्रेन आणि तेवढा धक्का जवळपास मोकळा नव्हता. आणि ज्याचं आत्ता एवढं कौतुक केलं त्या हायविंड स्कॉटलंडचं? २०२४ मध्ये पाचच्या पाच चक्क्या ओढत नॉर्वेला नेल्या, कारण मेन बेअरिंग बदलायचे होते. काही महिने पार्क बंद. स्पार असल्यामुळे स्कॉटलंडच्या बंदरात न्यायचा प्रश्नच नव्हता, ते ७८ मीटरचं बूड घेऊन जाणार कुठे, जन्म झाला तिकडच्याच फिऑर्डमध्ये परत.

हे ओढून नेणं म्हणजे काय काय ते बघा. आधी शांत हवामानाचे दिवस सलग मिळायची वाट बघायची, हिवाळ्यात तर विसराच. मग केबल काढायची आणि तिचं टोक पाण्यात सुरक्षित ठेवायचं, केबल एका चक्कीतून दुसरीत अशी माळेसारखी गेली असेल तर मधली एक काढली की पुढच्यांची वीज अडते, मग तात्पुरती जोडणी करा. साखळ्या सोडवायच्या, त्यांना बोये लावायचे, टग आणायचे, नांगरवाली जहाजं आणायची, त्यांचं रोजचं भाडं ऐकून छातीत धस्स होतं, बंदरात धक्का रिकामा पाहिजे, तिथे मोठी क्रेन पाहिजे. बेअरिंग बदलायला जो वेळ लागतो तो या सगळ्या यात्रेपुढे किरकोळ. आणि तेवढे दिवस उत्पन्न शून्य. एक स्टार इथे गेला आणि खरं सांगायचं तर दोन काढणार होतो.

दोन का नाही काढले, तर २०२४ मध्ये त्याच किनकार्डिनला मोठा पार्ट जागेवरच, समुद्रातच बदलून दाखवला. युक्ती अशी की क्रेन जहाजावर ठेवायचीच नाही, चक्कीच्याच डोक्यावर चढवायची, म्हणजे क्रेन आणि चक्की एकत्रच डोलतात आणि एकमेकांच्या हिशेबाने स्थिर. फक्त पार्ट खालच्या जहाजावरून उचलायचा तो क्षण कठीण, तेवढा साधला की झालं. ही पद्धत पात्यांपर्यंत सगळ्याला लागू झाली आणि रोजची झाली तर माझ्या या तक्रारीतली निम्मी हवा निघून जाईल. पण एकदा करून दाखवणं आणि शंभर चक्क्यांना गॅरंटीने करत राहणं यात फरक आहे.

वाईट अनुभवही सांगायला पाहिजेत, नाहीतर म्हणाल कंपनीने पैसे दिले. जपानने २०११ च्या अणुदुर्घटनेनंतर फुकुशिमाच्याच समुद्रात तरंगत्या चक्क्या लावल्या, २०१३ ला २ मेगावॉटची, मग २०१५ ला ७ मेगावॉटची, आणि अजून एक ५ मेगावॉटची, जगातलं पहिलं तरंगतं सबस्टेशन पण तिथलंच. प्रतीक म्हणून जबरदस्त. पण ७ मेगावॉटच्या चक्कीत गिअरबॉक्सऐवजी हायड्रॉलिक यंत्रणा घातली होती, ती सारखी नाटकं करत राहिली, वीज नावापुरती, २०२० ला काढून टाकली आणि २०२१ पर्यंत सगळा प्रोजेक्टच गुंडाळला. साधारण ६० अब्ज येन गेले. यात लक्षात घ्या, तराफे तरंगत राहिले, तो भाग कुठेच फसला नाही. मार खाल्ला तो वरच्या मशीनने. नवा तराफा आणि त्यावर नवीनच न तपासलेली चक्की, दोन्ही प्रयोग एकदम करायचा हट्ट नडला असं माझं मत.

किंमत. बसून घ्या. ब्रिटनच्या २०२४ च्या सरकारी लिलावात तळात रोवलेल्या नवीन चक्क्यांना मेगावॉट-तासाला ५८.८७ पाउंड भाव मिळाला आणि ४०० मेगावॉटच्या ग्रीन व्होल्ट या तरंगत्या पार्कला १३९.९३ पाउंड, दोन्ही २०१२ च्या किमतींच्या हिशेबात. म्हणजे युनिटला ६ पेन्सच्या आत विरुद्ध १४ पेन्स. दुपटीहून जास्त. त्याच वर्षी फ्रान्समध्ये दक्षिण ब्रिटनीच्या २५० मेगावॉटच्या पार्कचं टेंडर ८६.४५ युरोला गेलं, ते बघून अनेकजण नाचले, पण फ्रान्समध्ये किनाऱ्यापर्यंतची वीजवाहिनी ग्रिड कंपनीच्या खर्चाने होते आणि टेंडरमधला भाव हा कागदावरचा भाव, त्या भावात लोखंड पाण्यात उतरलं की मानू. टेंडर आणि प्रत्यक्ष यात काय होतं याचा नमुना हायविंड टाम्पेन, अंदाज होता साधारण ५ अब्ज क्रोनरचा, होता होता ७ अब्जांच्या वर गेला, आणि त्यातले दोन अब्जांच्या वर सरकारी अनुदान. आणि टाम्पेनवाल्या इक्विनॉरनेच १००० मेगावॉटचा ट्रोलविंड नावाचा प्रोजेक्ट २०२३ मध्ये खर्च परवडत नाही म्हणून बाजूला ठेवला. अनुभवी माणसंच मागे सरतायत म्हटल्यावर बाकीच्यांनी समजून घ्यावं.

महाग का, याचं उत्तर मात्र तंत्रज्ञानात कमी आणि संख्येत जास्त आहे. २०२४ च्या अखेरीस जगभरातल्या सगळ्या तरंगत्या चक्क्या मिळून ३०० मेगावॉट सुद्धा होत नव्हत्या, तळात रोवलेल्या मात्र ८० हजार मेगावॉटच्या वर. म्हणजे प्रत्येक तराफा अजून जवळजवळ हाताने घडवलेला. डिझाईन म्हणाल तर डझनांनी, प्रत्येकाचा आकार वेगळा, त्यामुळे कुठलाच कारखाना एकाच साच्यातून शेकड्याने काढत नाही. मला वाटतं पुढची दहा डिझाईन आणण्यापेक्षा आहेत त्यातली दोन-तीन पकडून बसावं, पण ऐकतंय कोण.

टाम्पेनबद्दल एक राहिलंच. ८८ मेगावॉट, किनाऱ्यापासून १४० किलोमीटर, २६० ते ३०० मीटर खोल पाणी, २०२३ पासून पूर्ण चालू. आणि वीज जाते कुठे? स्नोरे आणि गुलफाक्सच्या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मना! त्यांची वर्षाची साधारण ३५ टक्के गरज भागते, तेवढा गॅस जाळायचा वाचतो, वर्षाला दोन लाख टन कार्बन डायऑक्साइड कमी असं कंपनी सांगते. आता स्वच्छ वीज वापरून तेल काढायचं यावर हसावं की रडावं ते तुम्ही ठरवा. माझं म्हणाल तर, गॅस जाळून तेल काढण्यापेक्षा बरं, आणि पहिला महाग माल विकत घ्यायला कुणीतरी श्रीमंत गिऱ्हाईक लागतंच.

मासेमारीवाल्यांची तक्रार रास्त आहे. तळ खरवडत जाणारी ट्रॉल जाळी या साखळ्या-केबलींच्या जंगलात चालवताच येत नाही, तेवढा समुद्र त्यांच्यासाठी गेला. हायविंड स्कॉटलंडला २०२२ मध्ये सरकारी संशोधकांबरोबर पिंजरे आणि गळ वगैरे टाकून बघितलं, तशी स्थिर साधनं चालतात असं दिसलं, पण ट्रॉलवाल्याला पिंजरे वापर म्हणणं म्हणजे धंदाच बदल म्हणणं झालं. साखळ्यांत हरवलेली जाळी अडकून त्यात देवमासे अडकतील ही भीती पण आहे, त्यावर लक्ष ठेवावंच लागेल. दुसरीकडे त्या सिलिंडरांवर शिंपले, समुद्रफुलं यांनी कधीच वस्ती केलीय, त्यांना आवडलेलं दिसतंय.

कुणी घ्यावी? ज्यांच्याकडे उथळ समुद्र मोकळा पडलाय त्यांनी सध्या अजिबात घेऊ नये, आधी तो वापरा, स्वस्त पडेल. किनारा सोडताच खोल पाणी, वर दणकून वारा, आणि शेजारी रुंद धक्का, भक्कम क्रेन असलेलं बंदर, एवढं जमत असेल तर घ्या. बंदर नसेल तर आधी बंदर बांधा, चक्की नंतर. कॅलिफोर्नियाच्या समुद्रातल्या पाच जागा अमेरिकेच्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव करून ७५ कोटी डॉलरच्या वर भाडेपट्ट्याने दिल्या, पाणी तिथे हजार मीटरच्या आसपास, आणि आता सगळ्यांना कळतंय की १५ मेगावॉटची चक्की उभी करायला लागणारा धक्काच तयार नाही. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास सव्वादोनशे मीटरच्या वर आणि खाली फुटबॉल मैदानाएवढा तराफा, तो लावणार कुठे. विकत घेताना विक्रेत्याला एकच विचारा, मेन बेअरिंग गेला तर कुठे नेणार, किती दिवस, पैसे कोण देणार. तो चाचरला तर उठून या.

नवीन मॉडेलांत चीनच्या मिंगयांगचं ओशनएक्स जाम चर्चेत आहे, २०२४ मध्ये आलेलं, काँक्रीटच्या एकाच तराफ्यावर व्ही आकारात दोन चक्क्या, मिळून १६.६ मेगावॉट, आणि सगळं एकाच ठिकाणी बांधलेलं त्यामुळे वारा फिरला की अख्खा तराफाच फिरतो. दिसायला तुफान. पण त्याचा रिव्ह्यू आत्ता मागू नका, पहिला मोठा पार्ट बदलायची वेळ येऊ दे, तो कुठे नेऊन बदलला ते कळू दे, मग लिहितो.